जुन्या गाडीचे ब्रेक पाइप
बरकतपुऱ्यात कोणाच्या दारात अजून प्रीमिअर पद्मिनी उभी असेल, तर पावसाळा सरताच तिचे ब्रेक पाइप तपासावेत. कुर्ल्यातलं तिचं उत्पादन २००१च्या सुमारास थांबलं. मूळ पोलादी पाइप म्हणजे किमान दोन दशकांचे. गंज क्लिपांखाली लपतो. तो आतूनही लागतो, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर १५५. एक पाइप गळला तर सगळेच बदलावेत, रबरी होजसह. तिथे काटकसर नकोच. साधा तांब्याचा पाइपही नको, कंपनांनी तो तडकतो. तांबं-निकेल मिश्रधातूचा घ्यावा आणि टोकं दुहेरी फ्लेअरची करून घ्यावीत. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे सहसा मागच्या डाव्या चाकापासून एअर काढायला सुरुवात करावी.