बारा चौकोन

क्लिक थ्रीच्या पाठीवर एक तांबडी खिडकी असते, जेमतेम नखाएवढी. वरची चकती फिरवू लागलं की आत फिल्मच्या पाठचा कागद सरकतो, खिडकीत आधी खुणेचे ठिपके येतात आणि मग आकडा. आकडा मधोमध आला की हात थांबवायचा. चकती फिरवायची राहून गेली तर त्याच चौकोनावर दुसरा फोटो उमटतो, कारण शटरचा आणि फिल्म सरकण्याचा आतून काही संबंध नाही. माझ्या वडिलांनी काढलेल्या एका फोटोत घरासमोरचा पिंपळ माझ्या थोरल्या आत्याच्या लुगड्यातून उगवलेला आहे. तो फोटो कुणी फाडला नाही. अल्बममध्ये काळ्या कागदावर, चार कोपऱ्यांत अडकवलेला, तो अजून आहे.

अ‍ॅग्फा क्लिक थ्री भारतात बनत असे, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. प्लॅस्टिकची काळी पेटी, पुढे एक साधं भिंग, बाजूला ऊन की ढग हे ठरवणारा खटका. शटरचा वेग एकच, सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाइतका. फोकस करायची सोयच नाही, तेव्हा माणसाला दहाएक फुटांवर उभं करायचं आणि कळ दाबायची. त्यात १२० नंबरचा रोल बसतो. हा रोल कोडॅकने १९०१मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि आजही तो तसाच मिळतो. क्लिक थ्रीमध्ये त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन येतात. साठ-सत्तरच्या दशकांत ज्या मराठी घरांत स्वतःचा कॅमेरा होता, त्यांतल्या पुष्कळ घरांत तो हाच होता. बारशी, मुंजी, कोकणातल्या सहली, नव्या सायकलीसोबत उभा मुलगा, हे सगळं याच चौकोनांत मावलं. बारा फोटो संपायला कधी कधी वर्ष लागे, आणि मग रोल धुवायला टाकला जाई.

पुण्यात आम्ही नऊ-दहा जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो. जुन्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली, तिला उत्तरेची मोठी खिडकी. उत्तरेचा उजेड सकाळभर फारसा बदलत नाही म्हणून टेबल तिथेच मांडलेलं. कुणाकडे रोलायफ्लेक्स आहे, कुणाकडे यशिका मॅट, एकाकडे रशियन झेनिट. पण दर तिसऱ्या महिन्याला सगळ्यांनी क्लिक थ्रीवरच रोल काढायचा असा नेम आहे. रोलचं निगेटिव्ह, कॉन्टॅक्ट शीट आणि एकच मोठा प्रिंट घेऊन यायचं. ज्याचा फोटो त्याने पहिली दहा मिनिटं काही बोलायचं नाही. बाकीचे बघतात, मग बोलतात.

हा नेम घालून दिला आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाने. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चांगला कॅमेरा असला की चर्चा कॅमेऱ्याचीच होते, असं त्यांचं म्हणणं. कुठलं भिंग, किती अ‍ॅपर्चर, मीटर कुठे धरला, यातच तासभर जातो. क्लिक थ्रीत ठरवण्यासारख्या गोष्टी दोनच उरतात, तुम्ही कुठे उभे राहिलात आणि कळ कधी दाबलीत. मास्तरांचं हे म्हणणं मला आधी पटलं नव्हतं. आता पाच वर्षांनी वाटतं, फोटोबद्दल प्रामाणिकपणे बोलायला मी या पेटीमुळेच शिकले.

बोलणं निगेटिव्हपासून सुरू होतं, प्रिंटपासून नाही. मास्तर पट्टी खिडकीसमोर धरतात आणि चित्राकडे न बघता आधी कडेला बघतात. फिल्मच्या कडेवर कंपनीचं नाव आणि आकडे कारखान्यातच छापलेले असतात, आणि रोल धुताना तेही चित्रांबरोबर उमटतात. कडेची अक्षरं काळीभोर आणि चित्र मात्र पातळ असेल, तर धुणं ठीक झालं आहे, फिल्मला प्रकाश कमी मिळाला. अक्षरंही फिकट असतील तर डेव्हलपर थकलेला होता, फार गार होता किंवा वेळेआधी ओतून टाकला. डॉक्टरने आधी नाडी बघावी तसं हे. फोटो काढणाऱ्याची चूक कोणती आणि धुणाऱ्याची कोणती, हे वेगळं झाल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. आपल्याकडे ही वेगळेपणाची शिस्त फार गरजेची आहे. बहुतेक पुस्तकं डेव्हलपरचं तापमान २० अंश धरून वेळ सांगतात, आणि पुण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं. डी-७६ हा १९२०च्या दशकापासून चालत आलेला डेव्हलपर, एका लिटरला दोन ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सल्फाइट, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि दोन ग्रॅम बोरॅक्स. त्याची बाटली आम्ही बर्फाच्या घमेल्यात ठेवतो, आणि तरी उन्हाळ्यातल्या रोलांवर घाई दिसते.

दुसरा घोळ फिल्मचा. क्लिक थ्री घडली ती मंद फिल्म धरून. तिचं शटर आळशी, त्यामुळे कडक उन्हात १०० आयएसओची फिल्मही गरजेपेक्षा पाच-सहा पट प्रकाश खाते, आणि ४०० आयएसओची टाकली तर निगेटिव्ह डांबरासारखं दाट होतं. आकाशात ढग होते की नव्हते, हे मग प्रिंट करणाऱ्याला कळतच नाही. एकेकाळी आपल्याच देशात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना होता. १९६०मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीची कृष्णधवल फिल्म आणि कागद ‘इंदू’ या नावाने मिळत. तो कारखाना बंद पडला. आता आमच्या टेबलावर येणारे रोल इंग्लंडचे इल्फर्ड, चेक प्रजासत्ताकाचे फोमा आणि अमेरिकेचे कोडॅक. बडोद्याच्या पेटीत चेक फिल्म घालून आम्ही सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर बाहेर पडतो.

निगेटिव्ह बघून झालं की कॉन्टॅक्ट शीट. आठ बाय दहा इंचांच्या कागदावर तीन-तीन चौकोनांच्या चार पट्ट्या, वर काच, क्षणभर उजेड, बस्स. मोठा प्रिंट माणसाने निवडून आणलेला असतो, तिथे तो सजूनधजून उभा असतो. कॉन्टॅक्ट शीटवर लपायला जागा नाही. एकाच माणसाचे सलग चार फोटो दिसले की कळतं, याला हवं ते दिसलं होतं पण पाय हलले नाहीत. पहिल्या फोटोत दुरून, दुसऱ्यात थोडं जवळ, आणि तिसऱ्यात धीर करून अगदी समोर, असा क्रम दिसला की त्या चौकोनांतून त्या माणसाचं भय आणि भीड दोन्ही वाचता येतात. मला स्वतःला या खोलीतला हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

असं एकत्र बसून फोटो बघण्याची रीत या प्रदेशाला नवी नाही. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, भारतातली अशी पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रास येथल्या संस्था १८५६च्या. मुंबईच्या संस्थेत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर तिच्या कार्यकारिणीवर होते आणि स्वतः फोटो काढत. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक फोटोग्राफर झाले, या देशातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. १८५६पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढलं. त्यात चित्रं छापलेली नसत, खरे प्रिंट चिकटवलेले असत. एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जसंच्या तसं पडावं यासाठी इतका खटाटोप. मुंबईच्या दमट उकाड्यात रसायनं सांभाळत ज्यांनी हे केलं, त्यांच्याबद्दल मला फार जवळीक वाटते. त्यांचं घमेलं आणि आमचं घमेलं एकच आहे.

गेल्या मार्चमधली बैठक सांगते. आमच्यात एक बँकेत नोकरी करणारा मुलगा आहे, पंचविशीचा. त्याने एका रसवंतीचा फोटो आणला होता. लाकडी चरक, त्याला बांधलेले घुंगरू, ऊस सारणारा माणूस. शटर मंद असल्याने फिरतं चाक पुसटसं धूर झालेलं आणि माणूस मात्र खिळ्यासारखा स्थिर. पेटीच्या उणिवेतून काहीतरी सुंदर निघालं होतं. भिंगाचं मध्य तेवढं धारदार आणि कडा मऊ, त्यामुळे मागची बाकं आणि गिऱ्हाइकं आपोआप विरघळली होती.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी चाकाचंच कौतुक केलं. मग आमच्यातल्या एका ताईंनी पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेतले. हे तुकडे टेबलावर कायम असतात, फोटोवर सरकवून चौकट लहान-मोठी करून बघायला. त्यांनी डावीकडून कापून पाहिलं, वरून कापून पाहिलं. कुठूनही कापलं तरी चाकाची कड त्या माणसाच्या कानाला चिकटलेलीच राहत होती.

“हे कापून सुटणार नाही,” ताई म्हणाल्या. “तू दोन पावलं डावीकडे हवा होतास.”

“डावीकडे भट्टी होती का रे?” कुणीतरी विचारलं. दहा मिनिटं झाली नव्हती, म्हणून त्याने नुसती मान हलवली. भट्टी नव्हती.

मास्तर कॉन्टॅक्ट शीट बघत होते. रसवंतीचे पाच चौकोन होते आणि पाचही एकाच जागेवरून. “चाक तू बघितलंस,” ते म्हणाले, “माणूस नाही बघितलास. पाचही वेळा तो चाकाच्या मागे आहे.”

त्या मुलाचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. पण त्यात अपमान नव्हता. त्याच्या कॅमेऱ्याला, फिल्मला, धुण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. बोलणं झालं ते त्याच्या दोन पावलांबद्दल, आणि पावलं टाकणं तर त्याच्याच हातात आहे. स्तुतीपेक्षा हे बोलणं मला मोलाचं वाटतं, कारण समोरच्याने आपला फोटो खरोखर पाहिला याची ती पावती असते.

टीका नेहमी बरोबर असतेच असं नाही. माझ्या एका रोलावर सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला आईचा फोटो होता, अंगणात धान्य पाखडताना. खालच्या बाजूने माझी सावली चौकोनात शिरली होती. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा हे लहानपणापासून कानावर पडलेलं, त्याची ही किंमत. चार जणांनी सांगितलं, सावली कापून टाका. दहा मिनिटं संपल्यावर मी अल्बममधले दोन जुने फोटो पिशवीतून काढून शेजारी ठेवले. दोन्हींत खाली वडिलांची सावली आहे, टोपीसकट. सगळे फोटो तेच काढत, त्यामुळे त्या रोलांवर ते असे सावलीनेच आहेत. ताईंनी पुठ्ठे बाजूला ठेवले. मास्तरांनी तरीही सांगितलं, सावली राहू दे, पण आईच्या पायावर पडली आहे ती पडायला नको होती, अर्धा फूट मागे सरकायचं होतं. तेही खरंच होतं. तो फोटो मी पुन्हा काढला आहे, अजून धुतलेला नाही.

बँकेतला मुलगा एप्रिलच्या अखेरीस नवा रोल घालून रसवंतीवर गेला, पण गर्दी इतकी की डावीकडे उभं राहायला जागाच मिळेना. मे महिना असाच गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला, रसवंतीवाल्याने चरकाला ताडपत्री गुंडाळली आणि तो गावी निघून गेला. महाशिवरात्रीच्या सुमारास परत येतो म्हणाला आहे. तोवर त्या मुलाच्या क्लिक थ्रीच्या खिडकीत आठचा आकडा थांबलेला आहे, आणि उरलेले फोटो तो कशावरही खर्च करायला तयार नाही.