गावात काय नाही, हे सगळे विचारतात. काय आहे, हे कोण विचारणार?

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातला शेगाव तालुका देशभरातल्या बातम्यांत आला, तो केसगळतीमुळे. बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून थेट टक्कल पडत होतं. कॅमेरे आले, आयसीएमआरचं पथक आलं, नमुने गेले. आणि या गावांची ओळख झाली 'टक्कल पडणारी गावं'.

एखाद्या गावाला फक्त त्याच्या अडचणीवरून ओळखायचं, ही सवय आपल्या ग्रामविकासालाही आहे. सर्वेक्षणाचा कुठलाही फॉर्म बघा. किती घरांत शौचालय नाही, किती कुपोषित, किती दारिद्र्यरेषेखाली. योजना उणिवेवर येते म्हटल्यावर गावही आपली उणीवच ठळक करून सांगायला शिकतं.

जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेट्झमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९३ च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं. वस्तीचा 'गरजांचा नकाशा' काढता तसा 'क्षमतांचा नकाशा'ही काढा, असं त्यांचं म्हणणं. कोणाच्या हातात काय कसब आहे, कोणते गट आधीच एकत्र येतात, जागा-जमीन कुठली आहे, हे आधी बघायचं. बाहेरची मदत त्यानंतर.

शेगावात हे कुठे दिसतं?

कचोरी आठवली असेल तर बरोबर आहे. फाळणीनंतर इथे आलेल्या तीरथराम शर्मांनी ती रेल्वे स्टेशनवर विकायला सुरुवात केली. हातातलं कसब आणि दारातली गाडी, एवढंच भांडवल.

पण खरं उदाहरण गजानन महाराज संस्थानचं. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थानाचा गाडा मोठ्या प्रमाणात सेवेकऱ्यांवर चालतो. गावोगावचे शेतकरी, मजूर, नोकरदार पाळीपाळीने येतात आणि एक पैसा न घेता झाडतात, वाढतात, रांगा सांभाळतात. सरकारी भाषेत यातले बरेच जण 'लाभार्थी' ठरतील. इथे मात्र त्यांना कोणी 'तुम्हाला काय हवं' असं विचारत नाही. तुम्ही काय करू शकता, एवढाच प्रश्न असतो. अनेक दशकं हा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ऑगस्ट २०२१ मध्ये गेले, तरी सेवेकऱ्यांची पाळी थांबली नाही. १९८३ पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालयही याच संस्थानाचं.

अर्थात, श्रद्धेच्या जोरावर जमतं ते ग्रामपंचायतीत जमेलच असं नाही. पण पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावंच्या गावं भर उन्हाळ्यात कुदळ-फावडं घेऊन उतरलीच होती. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत याच जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं सिंदखेड होतं.

मग सरकारने हात वर करायचे का?

इथे मला हा विचार खटकतो. 'ताकद तुमच्यातच आहे' हे वाक्य जबाबदारी झटकायला फार सोयीचं आहे. शेगाव तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणीच खारं. कितीही श्रमदान करा, ते गोड होत नाही. लांबून नळ आणावा लागतो आणि ते काम शासनाचंच आहे.

केसगळतीचंही तसंच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. परराज्यातून आलेला गहू तपासायची प्रयोगशाळा गावाने कुठून आणायची?

तरी एक गोष्ट राहतेच. कुठल्या घरात कोण आजारी आहे, हे आशाताईला माहीत असतं. कुठला गहू कोणत्या महिन्यात आला, हे रेशन दुकानदाराला. आणि केस गळायला लागले हे, माझा अंदाज, सगळ्यात आधी गावच्या न्हाव्याला कळलं असणार. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर या तिघांसाठी रकाना नाही.