फुटावर मोजलेला सिनेमा

फुटाला एक पौंड. १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या स्वस्त बोलपटांचा हा रूढ भाव. सहा हजार फूट फिल्म भरली की साधारण ६६ मिनिटांचा चित्रपट तयार, आणि निर्मात्याच्या हाती सहा हजार पौंड. त्याहून कमीत काम उरकलं, तर वाचेल तो नफा.

या चित्रपटांना ‘कोटा क्विकी’ म्हणत. त्यांचं मूळ १९२७च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्टमध्ये. ब्रिटनचा पडदा हॉलिवूडने व्यापला होता. म्हणून वितरकांवर आणि चित्रपटगृहांवर ठरावीक टक्के ब्रिटिश चित्रपटांची सक्ती आली. वितरकांचा वाटा साडेसात टक्क्यांपासून वीसपर्यंत चढत जाणार होता. पण कायदा लांबी मोजत होता, दर्जा नाही. अमेरिकन कंपन्यांनी ही पळवाट नेमकी हेरली. सकाळी सफाईवाल्या बायका झाडलोट करत असताना हे चित्रपट रिकाम्या थिएटरात लावून कोटा भरतात, असं धंद्यात बोललं जाई.

ट्विकनहॅमला ज्युलियस हेगनच्या स्टुडिओत दिवसपाळी संपली की रातपाळी सुरू होई. टेडिंग्टनचा स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सने स्वतःकडेच घेतला. तिथे ‘मर्डर अ‍ॅट मॉन्टे कार्लो’त काम करून एरॉल फ्लिन हॉलिवूडला पोचला.

या घाईचं सोनं केलं मायकल पॉवेलने. १९३१ ते १९३६ या काळात त्याने वीसहून अधिक छोटे चित्रपट केले. त्यांतला ‘रेड एन्साइन’ (१९३४) मुद्दाम पाहावा. मंदीने क्लाइडकाठची जहाजबांधणी थंडावलेली. डेव्हिड बार हा हट्टी कारखानदार तरीही नव्या धर्तीचं जहाज बांधायला घेतो. पैसे अडतात तेव्हा खोटी सही ठोकतो आणि तुरुंगात जातो. लेस्ली बँक्सने हा माणूस सोज्वळ केलेला नाही. त्याचं देशप्रेम आणि अरेरावी एकाच आवाजात ऐकू येतात. ब्रिटिश जहाजांना कायद्याचं संरक्षण मिळेल, ही बारची आशा. कोट्याच्या आधारावर उभा राहिलेला दिग्दर्शक जहाजांच्या आडून आपल्याच धंद्याची कैफियत मांडत होता.

१९३८च्या नव्या कायद्याने किमान खर्चाची अट घातली आणि फुटांचा बाजार उठला. पुढे पॉवेलने एमरिक प्रेसबर्गरसोबत ‘द रेड शूज’सारखे चित्रपट केले. कायद्याला हवा होता ब्रिटिश माल. हाती लागले कमी पैशांत, कमी वेळात काम तडीस नेणारे कारागीर. सक्तीची एवढी कमाईही थोडकी नाही.