अधिकचे चिन्ह

मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये, जेथे पॅरीज कॉर्नरवरून बीच स्टेशनकडे जाणारा राजाजी रस्ता बंदराच्या कडेकडेने धावतो, तेथे पदपथावर बर्मा बाजार नावाची टपरीवजा दुकानांची एक लांबच लांब ओळ आहे. आणि नोकरीनिमित्त त्या भागात काढलेल्या वर्षांत, कचेरी सुटल्यावर त्या ओळीतून सावकाश चालत स्टेशन गाठणे हा माझा नित्यक्रम होऊन बसला होता. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता बळकावली, पाठोपाठ व्यापारउदीम सरकारजमा झाला, आणि त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली तमिळ कुटुंबे हाती लागेल ते घेऊन आगबोटींनी मद्रास बंदरात उतरली. त्यांतल्या कित्येकांनी ह्याच पदपथावर परदेशी जिनसा मांडून मोडलेला संसार पुन्हा उभा केला. घड्याळे, अत्तरे, ट्रान्झिस्टर आणि कॅसेटी ह्यांच्या त्या पसाऱ्यातून ‘क्वीन’ ह्या इंग्लिश रॉक बँडची एक कॅसेट मी विकत घेतली, तेव्हा त्या कॅसेटीतला आवाजही विक्रेत्याच्या घराण्यासारखाच, त्याच दशकात एका किनाऱ्यावरून उठून दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन पडलेला होता, ह्याची मला कल्पना नव्हती.

तो आवाज फ्रेडी मर्क्युरीचा. मूळ नाव फरोख बल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारात क्रांती झाली आणि हे कुटुंब इंग्लंडात आश्रयाला गेले. परंतु मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा भाग त्याआधीचा आहे. आठ वर्षांचा हा मुलगा शिक्षणासाठी समुद्र ओलांडून आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, वसतिगृहात राहिला, तेथे पियानो शिकला, सोबत्यांकडून ‘फ्रेडी’ हे नाव मिळवले आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड जमवून पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला. सह्याद्रीच्या त्या माथ्यावर, वाईचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या त्या थंड गावात, पुढे साऱ्या जगाने ऐकलेला एक कंठ घडत होता.

१९७० मध्ये लंडनला ‘क्वीन’ची स्थापना झाली, मर्क्युरी गायक, ब्रायन मे गिटारवादक, रॉजर टेलर तालवादक, आणि वर्षभरात बेस गिटारवर जॉन डीकन. ह्या चौघांचे खरे कसब मात्र कोणते, हे नीट समजून घेतल्याखेरीज पुढची कथा कळणार नाही. मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेही गात, आणि ध्वनिमुद्रणाच्या फितीवर एकाच ओळीची अनेक आवर्तने एकावर एक चढवून तीन गळ्यांतून पन्नास गळ्यांचा भास निर्माण करीत. १९७५ च्या ‘बोहिमियन ऱ्हॅप्सडी’तला तो संगीतिकेसारखा गजर असाच, थरावर थर रचून बांधलेला आहे. म्हणजे मर्क्युरी हा केवळ पुढे उभा राहून गाणारा माणूस नव्हता; मागच्या त्या वृंदगानाच्या तीन खांबांपैकी एक खांबही तोच होता, आणि गाण्यांपैकी कितीतरी त्याच्याच लेखणीतून उतरलेली होती. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा उरलेल्या तिघांपुढे गायकाची रिकामी जागा भरण्यापेक्षा कितीतरी बिकट पेच उभा राहिला.

जॉर्ज टाउनात राहणाऱ्याला हा पेच प्रथमदर्शनी उमगत नाही, कारण तेथली परंपरा वेगळी आहे. बंदर स्ट्रीटवरील कोवूर सुंदरेश मुदलियार ह्यांच्या घरी कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज उतरले होते. वीणावादनासाठी ख्यातनाम असलेल्या वीणा धनम्माळ ह्यांच्या शुक्रवारच्या सायंकालीन बैठकींना थोरथोर गवई ह्याच पेठेत येऊन बसत. तेथे कृती, म्हणजे बांधलेले गीत, ही वाग्गेयकाराची, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याची असते, शिष्याला ती अमानत म्हणून मिळते, आणि १९३८ मध्ये धनम्माळ गेल्या तरी त्यांच्या नाती बृंदा आणि मुक्ता त्याच कृती आपल्या गळ्याने गात राहिल्या. आपल्या संगीत नाटकाचेही तेच. किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले, तेव्हा शकुंतला संपली असेच अनेकांना वाटले असेल. परंतु १९०५ मध्ये मिरजेला नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्याच शकुंतलेच्या वेषात उभे राहिले आणि तीच भूमिका, तीच पदे एका नव्या कंठात रुजली. नाटकात पद हे पात्राचे असते, आणि पात्राला मरण नाही.

रॉक संगीतात अशी लेखी वा अलिखित सनद नाही. तेथे गाणे बहुधा त्या विशिष्ट गळ्याच्या मापाने बेतलेले असते. त्याचा चढ किती, श्वास कोठे तुटतो, कोणत्या शब्दावर आवाज खरखरतो, हे सारे रचनेतच मिसळून गेलेले असते, आणि ध्वनिमुद्रिकेमुळे तोच एक उच्चार लक्षावधी घरांत कायमचा प्रमाण ठरतो. म्हणून गायक बदलल्यानंतरचा पहिला अल्बम, म्हणजे एकत्र प्रसिद्ध होणाऱ्या गीतांचा पहिला संच, ही बँडच्या आयुष्यातली सर्वांत अवघड परीक्षा असते. ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ने ती अवघ्या काही महिन्यांत दिली. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी वारला. त्याच्या जागी इंग्लंडचा ब्रायन जॉन्सन आला. बहामा बेटांवर ध्वनिमुद्रण होऊन २५ जुलैला ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. शोकाचे चिन्ह म्हणून मुखपृष्ठ काळे, आणि पहिल्या गाण्याचा आरंभ घंटेच्या संथ टोल्यांनी. जगातील सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. माझ्या मते त्या यशाचे रहस्य एवढेच की नव्या माणसाला जुन्याच्या गाण्यांवर उभे न करता त्याच्यासाठी नवी गाणी रचली गेली, आणि सुतक लपवले गेले नाही.

‘क्वीन’ने मात्र फार काळ वाट पाहिली. मर्क्युरीने अखेरच्या दिवसांत, अंगात त्राण नसताना ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या गायनाभोवती, जुन्या मुद्रणांची भर घालून, त्यांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ पुरा केला. १९९७ नंतर डीकन निवृत्त झाला. उरले मे आणि टेलर. २००४ मध्ये एका समारंभात त्यांनी गायक पॉल रॉजर्सबरोबर वादन केले, त्यातून दौरे निघाले, आणि टेलरच्या घरच्या स्टुडिओत काम होऊन सप्टेंबर २००८ मध्ये ‘द कॉसमॉस रॉक्स’ प्रसिद्ध झाला. ‘क्वीन’ आणि नवा गायक ह्यांचा नव्या गाण्यांचा हा एकमेव स्टुडिओ-अल्बम.

रॉजर्स हा कोणी नवशिका उमेदवार नव्हता. ‘फ्री’ आणि ‘बॅड कंपनी’ ह्या दोन नामांकित बँडचा तो मुख्य गायक. आवाज भरदार, ब्लूजच्या तालमीत मुरलेला, स्वराला खालून उचलून मींडेने जागेवर नेणारा. मर्क्युरीचा स्वर विजेसारखा थेट वर जाई, शब्द नटासारखा उच्चारी. रॉजर्स शब्द चघळत, रेंगाळत येतो. दोघांची तुलना करणे अन्यायाचे आहे, आणि ही गोष्ट मे, टेलर आणि रॉजर्स ह्यांनी स्वतः आधीच ओळखली होती. म्हणूनच मुखपृष्ठावर केवळ ‘क्वीन’ असे न छापता ‘क्वीन + पॉल रॉजर्स’ असे छापले. रॉजर्स मर्क्युरीची जागा घेत नाही, तो सोबत आहे, असे प्रारंभीच जाहीर केले. आणि अल्बम मर्क्युरीच्याच स्मृतीस अर्पण केला. सर्व गीतांचे श्रेय तिघांच्या नावे संयुक्त. डीकनच्या पश्चात बेस गिटार मे आणि रॉजर्स ह्यांनीच वाजवली. कोर्टकचेरीच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी वहिवाट मागितली, मालकीचा दावा लावला नाही. ते छोटे अधिकचे चिन्ह मला त्या अल्बममधील सर्वांत सचोटीचे अक्षर वाटते.

त्या सचोटीने संगीत थोर झाले, असे मात्र म्हणता येत नाही. इंग्लंडच्या खपाच्या यादीत अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, पण टिकला नाही. अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. माझेही मत त्याहून फार निराळे नाही. अनेक गाणी रॉजर्सच्या सरळ रॉकच्या घाटाची आहेत, तेथे मेची गिटार ओळखीची वाटते, पण तो गजर, ती थरांची भव्य रचना क्वचितच जाणवते. ‘स्टिल बर्निन’मध्ये ‘क्वीन’च्याच जुन्या ‘वी विल रॉक यू’चा तो सुप्रसिद्ध पदाघात मध्येच ऐकू येतो, तेव्हा उभारी येण्याऐवजी गेलेल्या माणसाची उणीव अधिकच भासते. दौऱ्यात मात्र लोटलेला जनसमुदाय अफाट होता. युक्रेनच्या खारकीव्ह शहरात, एड्सविषयी जागृतीसाठी १२ सप्टेंबर २००८ रोजी खुल्या चौकात झालेल्या विनामूल्य कार्यक्रमाला साडेतीन लाखांच्या आसपास माणसे आल्याचे सांगतात. २००९ मध्ये रॉजर्स कोणतीही कटुता न ठेवता दूर झाला. पुढे गायक म्हणून ॲडम लॅम्बर्ट आला, आणि त्याच्याही नावाआधी तेच अधिकचे चिन्ह राहिले.

रोयापुरम, जॉर्ज टाउनच्या उत्तरेस लागूनच. तेथे १९१० साली बांधलेली पारशी अग्यारी आहे, आणि मद्रासमधल्या मूठभर पारशी घरांनी तिथला अग्नी जपला आहे. एका रविवारी तिच्या फाटकासमोरून परतताना मी ‘द कॉसमॉस रॉक्स’मधले ‘से इट्स नॉट ट्रू’ कानाला लावले होते. हे गाणे मुळात टेलरने नेल्सन मंडेलांच्या एड्सविरोधी मोहिमेसाठी लिहिलेले. मर्क्युरीचा बळी घेणाऱ्या त्याच रोगावरचे. त्यात कोणा एकालाच पुढे केलेले नाही. आधी टेलर गातो, वय झालेला, किंचित घोगरा. मग मे, हळू, जवळजवळ बोलल्यासारखा. आणि त्या दोघांनी वाट करून दिल्यावर, तिसऱ्या कडव्याशी, रॉजर्सचा भरदार आवाज आत येतो.