जुन्या फ्लॅटची दुरुस्ती: पैसा आधी कुठे?
बेताच्या पैशांत जुन्या फ्लॅटची दुरुस्ती करताना पहिला हक्क गळतीचा. रंग सगळ्यांत शेवटी. भिंतीवरची ओल बऱ्याचदा लगतच्या बाथरूममधून येते. नहाणी ट्रॅप बंद करून तिथे 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवले की पाझर कळतो. कारण न शोधता पुट्टी मारली, तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेलेच. मग वायरिंग: गिझरला वेगळी, जाड तार आणि घराला आरसीसीबी (विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा स्विच) हवा, इथे काटकसर नको. बचतीला खरा वाव फरशीत आहे. जुने मोझेक पॉलिश करून घेतले तर नव्या टाइल्सचा खर्च वाचतोच, शिवाय तोडफोडीचा राडारोडाही उचलावा लागत नाही. नव्या प्लास्टरवर किमान 7 दिवस पाणी मारावे आणि ते पुरते वाळल्यावरच रंगाऱ्याला बोलवावे.