‘नैसर्गिक बायपास’वर विसंबण्याआधी

एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालयं इतक्या जवळ असूनही दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘ब्लॉकेज असू दे, शरीर आपलं आपण बायपास करून घेतं, गोळ्या कशाला?’ हे अर्धंच खरं आहे, आणि म्हणूनच जिवावर बेततं. हृदयाच्या धमन्यांना जोडणाऱ्या बारीक पर्यायी वाहिन्या बहुतेकांना जन्मतःच असतात. मुख्य धमनी अरुंद होत गेली की त्यांच्यातून रक्त जोरात वाहू लागतं, त्या घर्षणाने आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइडसारखे पदार्थ सोडतं आणि वाहिन्या हळूहळू रुंदावतात. पण याला आठवडे, महिने लागतात. हार्ट अटॅक मात्र बऱ्याचदा किरकोळ वाटणारा मेदाचा थर फुटून होतो आणि गुठळी काही मिनिटांत धमनी बंद करते. जिथे आधी अडथळाच जुजबी होता, तिथे पर्यायी वाट रुंदावणार कशी?

‘पण अशा वाहिन्या चांगल्या रुंदावलेले लोक जास्त जगतात ना?’ जगतात. 2012 साली युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी कमी दिसला. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्या वाहिन्या तितक्या रुंदावल्या आहेत की नाहीत हे घरबसल्या कुणालाच कळत नाही. मग वाहिन्या वाढवणारा पदार्थच टोचून घ्यावा? तेही करून झालं. 2003च्या ‘व्हिवा’ चाचणीत 178 रुग्णांपैकी काहींना व्हीईजीएफ हा असा पदार्थ दिला, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण. 60 दिवसांनी व्यायामाच्या क्षमतेत गटांमध्ये फरक निघाला नाही. नियमित व्यायामाने मात्र या वाहिन्यांतला प्रवाह वाढल्याचं 2016च्या ‘एक्साइट’ चाचणीत मोजलं गेलं, तेही औषधं चालू ठेवून. म्हणून चालायला जाच, पण जानेवारीच्या धुरकट पहाटे नको! सूक्ष्म धूलिकण आणि ओझोन असलेली हवा दोन तास घेतल्यावर निरोगी माणसांच्याही हाताची धमनी आकसल्याचं 2002 साली सर्क्युलेशनमध्ये छापून आलं आहे. शेजारच्या आर. के. पुरमच्या केंद्रावरचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघा, ऊन वर येऊ द्या, मग निघा.

बाकीचे समज थोडक्यात. सॉर्बिट्रेटची गोळी ब्लॉकेज विरघळवत नाही, फक्त वाहिन्या सैल करते. व्हायग्रा घेतलेल्याने ती घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीवर कोसळू शकतो. बीटाच्या रसाने रक्तदाब थोडा उतरेल, धमनीतला मेद तिथेच राहील. आणि छातीवरचा दाब काही मिनिटांत ओसरला नाही, तर ‘वाहिन्या सांभाळून घेतील’ म्हणत थांबू नका, 112 किंवा 102 लावा.