सिनेमात गेलेली गावं

पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींतलं ग्रीस म्हणजे सँतोरिनीची पांढरी घरं आणि निळे घुमट. आपल्याकडच्या पुष्कळांनी ग्रीस पहिल्यांदा पाहिलं ते २००३च्या ‘चलते चलते’मध्ये, अथेन्स आणि मिकोनोस इथे चित्रित झालेल्या भागात. पण सिनेमाचे खरे वेडे या गाजलेल्या बेटांवर थांबत नाहीत. ते स्कोपेलोसला जातात. तिथे समुद्रात घुसलेल्या एका कड्याच्या माथ्यावर एवढंसं देऊळ आहे, आय यानिसचं. ‘मामा मिया’ (२००८) मधलं लग्न तिथे लागतं, म्हणून माणसं धापा टाकत पायऱ्या चढतात आणि आत शिरल्यावर चक्रावतात. सिनेमातलं देवळाचं अंतरंग तिथलं नाहीच, तो सेट होता. केफालोनियात तर याहून मजा आहे. ‘कॅप्टन कोरेलीज मँडोलिन’ (२००१) साठी सामी या बंदरात जुनी व्हेनिशियन घरं उभी केली होती. खरी घरं १९५३च्या भूकंपात जमीनदोस्त झालेली, खोटी घरं चित्रीकरण संपल्यावर काढून नेलेली. तरी लोक येतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेल्या कास्तेलोरिझो या चिमुकल्या बेटावर ‘मेदितेरानेओ’ (१९९१) चित्रित झाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि इटालियन प्रवाशांची तिथे रीघ लागली.

या बेटांचं एक बरं आहे. सिनेमाने त्यांचं रूप नेलं, पण बदल्यात त्यांचं नाव जगभर केलं. छत्तीसगढच्या गावांच्या वाट्याला हे आलं नाही. इथेही कॅमेरे आले आणि मोठमोठ्या माणसांचे आले. पण ते ‘कुठलंही एक गाव’ शोधत आले होते. मिळालं, चित्रित केलं, गेले. गावाचं नाव श्रेयनामावलीच्या शेवटी बारीक अक्षरांत राहिलं, तेही राहिलं तर.

रायपूरच्या बुढापाऱ्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा जास्त टोचते. आमची वस्ती बुढा तालाबाच्या काठची. तळ्याच्या मधोमध बेट आहे, बेटावर बाग आणि विवेकानंदांचा पुतळा, कारण नरेंद्र दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा १८७७ मध्ये वडिलांबरोबर रायपूरला आला तो याच मोहल्ल्यात राहिला. तळ्याजवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे मराठी घरातले. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात इकडे आली आणि तिच्यामागून मराठी कुटुंबं आली. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांत त्यांचे वंशज अजून आहेत. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतात, नाटकं होतात. आमचं मराठी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हिंदी वाटतं आणि हिंदी इथल्या लोकांना मराठी, हा भाग निराळा. हावडा मेलने जाणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशाला मात्र रायपूर म्हणजे अर्धवट झोपेत ऐकलेलं एक स्टेशन. म्हणून हा आढावा. इथून निघून एका-दोन दिवसांत जाऊन येण्यासारखी, सिनेमात गेलेली गावं.

सुरुवात स्मिता पाटीलपासून करतो, कारण तिच्या कारकिर्दीचीच सुरुवात इथली आहे. श्याम बेनेगल यांनी बालचित्र समितीसाठी ‘चरणदास चोर’ (१९७५) केला. गोष्ट राजस्थानच्या विजयदान देथांची, पण तिला छत्तीसगढी अंग दिलं हबीब तनवीर यांनी. हबीबसाहेब रायपूरचे. मॅट्रिक इथल्या लॉरी म्युनिसिपल शाळेतून, बी.ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. तेव्हा रायपूरची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे शिकायला नागपूर गाठणं हा इथला सरळ रस्ता होता. नाचा हे इथलं लोकनाट्य करणाऱ्या खेड्यातल्या कलावंतांना घेऊन त्यांनी ‘नया थिएटर’ उभं केलं आणि हीच मंडळी सिनेमातही आली. चरणदास झाला लालूराम. रंगमंचावर राणीची भूमिका फिदाबाई गाजवायच्या. सिनेमात ती आली दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या, विशीही न गाठलेल्या पुण्याच्या मुलीकडे. फिदाबाईंची राणी ज्यांनी पाहिली आहे ते स्मिताच्या राणीला डावं ठरवतात. मला हा निवाडा थोडा कठोर वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही. स्मिताला त्या मातीचा ठेका तेव्हा सापडलेला नव्हता.

तो सापडला सहा वर्षांनी. सत्यजित राय प्रेमचंदांची ‘सद्गती’ कथा दूरदर्शनसाठी करायला १९८१ मध्ये रायपूरजवळच्या खेड्यांत आले. ओम पुरी दुखी चांभार, स्मिता त्याची बायको झुरिया, आणि ब्राह्मणाच्या भूमिकेत मोहन आगाशे. या ब्राह्मणाचं नाव प्रेमचंदांनीच ठेवलेलं घासीराम. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस म्हणून गाजलेल्या नटाने छत्तीसगढात येऊन घासीराम व्हावं, हा योगायोग रायबाबूंच्या लक्षात आला असेल का, असं मला नेहमी वाटतं. जेमतेम पन्नास मिनिटांचा सिनेमा. तापाने खंगलेला दुखी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून घ्यायला जातो, पंडित त्याला ओंडका फोडायला बसवतो, ओंडका फुटत नाही, माणूस मरतो. प्रेत कोण उचलणार? शेवटी पंडित स्वतःच काठीने पायात फास अडकवून ते ओढत नेतो. दुखीला दोन शब्द मायेचे आणि दोन शब्द शहाणपणाचे सांगणारा गोंड रंगवला राजनांदगावच्या भैयालाल हेडाऊंनी. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी ओम पुरीवर पानंच्या पानं लिहिली. हेडाऊंवर कुणी फारसं लिहिलं नाही. पण तो एक माणूस पडद्यावर आला की बाकीचे सगळे नट वाटू लागतात.

‘सद्गती’चं ठिकाण बघायला जायचं तर नेमकं काय बघायचं? स्कोपेलोसला निदान देऊळ आहे. इथे ओंडका नाही, पंडिताच्या दारातली ओसरी आता सिमेंटची. रायपूरहून महासमुंदच्या दिशेने निघालं की मंदिर हसौद ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाची शेतं लागतात. कार्तिकात कापणी चाललेली असते. मातीच्या भिंती, कौलं, दारासमोर शेणाने सारवलेलं अंगण असं एखादं घर अजून दिसतं. तिथे पाटी लावायची म्हटली तर लिहिणार काय? ‘इथे एका चांभाराला राबवून मारलं, असं दाखवलं गेलं’? कुठलंही गाव अशी पाटी मिरवणार नाही. ग्रीक बेटावर लग्न लागलं होतं, इथे प्रेत ओढलं गेलं. सिनेमाची जागा आणि पर्यटनाची जागा या एक होतात त्या गोड सिनेमातच, हे या वाटेवर नीट कळतं.

जातीच्या याच गोष्टीचा गोड अवतार हवा असेल तर बलौदाबाजारच्या रस्त्याने पलारीला जावं. पहिला छत्तीसगढी चित्रपट ‘कहि देबे संदेस’ (१९६५) इथे चित्रित झाला. मनु नायक हा रायपूरकडचा तरुण मुंबईत सिनेमाच्या कचेरीत नोकरी करत होता. भोजपुरी सिनेमा चालतो तर आपल्या बोलीतला का नाही, या ईर्ष्येने त्याने तो काढला. गाणी मोहम्मद रफी आणि मन्ना डे यांनी गायली. विषय होता सवर्ण मुलगी आणि दलित मुलगा यांच्या प्रेमाचा. त्यावरून गदारोळ झाला, बंदीची मागणी झाली, तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या इंदिरा गांधींनी त्यातला काही भाग पाहून हरकत नसल्याचं सांगितलं, असं इथे सांगितलं जातं. पलारीत बालसमुंद नावाचं विस्तीर्ण तळं आहे आणि त्याच्या काठावर सिद्धेश्वराचं विटांचं देऊळ, सातव्या-आठव्या शतकातलं. दगडी देवळांना सरावलेल्या मराठी डोळ्यांना विटांचं शिखर पाहून नवल वाटेल. दारावरच्या गंगा-यमुना सावकाश बघाव्यात. इथे सिनेमा विसरला तरी फेरी फुकट जात नाही. (त्यानंतरचा ‘घरद्वार’ १९७१ मध्ये आला, मग जवळजवळ तीस वर्षं सामसूम. राज्य होण्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २००० मध्ये ‘मोर छइहां भुइयां’ आला आणि रायपूरच्या टॉकीजमध्ये महिनोन्महिने ठाण मांडून बसला. तिथून पुढे छत्तीसगढी सिनेमाची जी भट्टी पेटली तिच्यातलं बरंच काही बघवत नाही. अपवाद मनोज वर्मा यांच्या ‘भूलन द मेझ’चा. ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत छत्तीसगढी चित्रपटाला पहिला मान त्याने मिळवून दिला.)

महाराष्ट्राकडून रेल्वेने येणाऱ्यांनी राजनांदगावला उतरण्याची तसदी जरूर घ्यावी. नया थिएटरचे कितीतरी कलावंत या परिसरातल्या खेड्यांतले. शिवाय गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून इथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. घरात मराठी, लेखणीत हिंदी. ते जिथे राहिले त्या तळ्याकाठच्या जुन्या वास्तूत त्यांचं स्मारक आहे. मणि कौल यांनी त्यांच्या लेखनावरून ‘सतह से उठता आदमी’ केला, तो बघून आलात तर बरं, न बघता आलात तर कदाचित आणखी बरं.

आता दल्ली राजहरा. अमित मसुरकर या मुंबईकर मराठी दिग्दर्शकाचा ‘न्यूटन’ (२०१७) बालोद जिल्ह्यातल्या या खाणगावाच्या परिसरात चित्रित झाला. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला तोच पाठवला गेला. दंडकारण्यातलं एक मतदान केंद्र, ७६ मतदार आणि नियमाला धरून बसलेला निवडणूक कर्मचारी. गोंडी बोलणारी मलको झाली आहे नाशिकची अंजली पाटील. मतदार म्हणून रांगेत दिसतात ते बहुतेक इथलेच लोक, आणि सिनेमाचं खरं बळ त्या चेहऱ्यांत आहे. राजकुमार रावच्या पापण्यांपेक्षा मला तेच लक्षात राहिले.

दुर्गहून बालोदमार्गे लोकल गाडी दल्ली राजहराला जाते. डोंगर लोखंडाच्या मातीने लालभडक, रस्त्यावरची धूळ लाल, पावसाळ्यात ओहोळही लाल. भिलाई पोलाद कारखाना १९५९ पासून याच डोंगरांवर पोसला गेला. इथे येऊन ‘न्यूटन’मधलं मतदान केंद्र शोधत जंगलात फिरण्यापेक्षा शहीद हॉस्पिटल बघा. कंत्राटी खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली, पदरचे पैसे आणि स्वतःचे कष्ट घालून १९८३ मध्ये ते सुरू केलं. १९७७च्या गोळीबारात मेलेल्या कामगारांची आठवण म्हणून ‘शहीद’. नियोगींचा १९९१ मध्ये भिलाईत झोपेत गोळी घालून खून झाला. रुग्णालय चालूच आहे. लोकशाही म्हणजे काय, हा ‘न्यूटन’चा प्रश्न असेल तर या गावाने आपल्या परीने त्याचं उत्तर सिनेमाच्या चौतीस वर्षं आधी बांधून ठेवलं होतं. मसुरकरांनी ते का दाखवलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या गोष्टीतलं गाव कोंडानार होतं, दल्ली राजहरा नव्हतं. पण प्रवाशाला असलं बंधन नाही.

दल्लीचा साठा आटत चालला म्हणून रेल्वेचा रूळ पुढे भानुप्रतापपूर, अंतागढ करत रावघाटच्या लोखंडाकडे सरकतो आहे. रावघाटच्या पलीकडे नारायणपूर, आणि नारायणपूरला लागून गढबेंगाल. रस्त्याने जायचं तर रायपूरहून धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट चढून कोंडागाव आणि तिथून उजवीकडे.

आर्ने सुक्सडॉर्फ हा स्वीडिश दिग्दर्शक पन्नासच्या दशकात या गढबेंगालमध्ये येऊन राहिला. तिथे केलेला त्याचा सिनेमा ‘एन युंगेलसागा’ १९५७ मध्ये पुरा झाला आणि दुसऱ्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. संगीत पंडित रविशंकरांचं. इंग्रजीत त्याचं नाव पडलं ‘बासरी आणि बाण’ अशा अर्थाचं. त्यात चेंदरू मंडावी नावाचा मुरिया आदिवासी मुलगा होता, वाघाच्या संगतीत वावरणारा. सुक्सडॉर्फची पत्नी आस्ट्रिड हिने चेंदरू आणि त्याच्या वाघाच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं, ते अनेक भाषांत गेलं आणि युरोपातल्या पोरांना तो ठाऊक झाला. त्याला स्वीडनला नेलं, काही महिने ठेवलं, परत आणून सोडलं. पुढे तो बस्तरच्या कुठल्याही शेतकऱ्यासारखा जगला, म्हणजे गरिबीत. अधूनमधून परदेशी पाहुणे, पत्रकार यायचे, फोटो काढायचे. २०१३ मध्ये तो वारला, तेव्हा हिंदी वर्तमानपत्रांना ‘मोगली’ आठवला. मला या विशेषणाचा राग येतो. मोगली जंगलात हरवलेलं पोर होतं. चेंदरूला आई-बाप होते, गाव होतं, तरुण मुलामुलींचं घोटुल होतं.

गढबेंगालला ‘चेंदरूचं घर कुठे’ एवढंच विचारून परत फिरू नये. हे लाकडात कोरणाऱ्यांचं गाव आहे. इथल्याच पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, लाकडातल्या कोरीवकामासाठी आणि बांबूच्या बासरीसाठी. ही बासरी फुंकायची नसते, हातात धरून हवेत फिरवायची असते, वारा आत शिरला की ती बोलते. सुक्सडॉर्फच्या सिनेमातली बासरी कुणाच्या कानात उरली असेल तर तिचं कुळ इथे भेटतं, आणि ती विकतही मिळते. घासाघीस करू नका.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात बस्तरचा रस्ता माणसाला शिजवून काढतो. फेब्रुवारीच्या सुमारास नारायणपूरला मावली देवीची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिची तारीख आधी विचारून घ्या, कारण ती पंचांगावर आणि पुजाऱ्यांवर ठरते. नारायणपूरकडे निघण्यापूर्वी त्या आठवड्यातली परिस्थिती स्थानिक माणसाला विचारावी, अबूझमाडच्या जंगलाच्या बाजूला परस्पर गाडी घालू नये. गावात परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये, घोटुलच्या आवारात तर नाहीच. बरोबर चहा-साखर किंवा पोरांना वह्या नेल्या तर चालतात, पैसे वाटत सुटलेलं चालत नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री सिनेमे बघायचेच असतील तर ‘सद्गती’ आधी बघा, ‘न्यूटन’ नंतर. उलटं केलं तर हेडाऊ हातचे जातील.